माझी घूं कुठे गेली?

मित्रांनो, पोटात चार काचेचे दिवे मिणमिणतात म्हणून मला कंदील समजू नका. मी आवाज मोठा करणारा एक जुना वाल्व्हचा अॅम्प्लिफायर आहे. मला बनवलं मामांनी. रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारे झालेले हे मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. बाईंकडे गाणं शिकणारी सगळी मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

बाईंचा आवाज गोड, पण वयाने बारीक झालेला. तो मागच्या बाकापर्यंत पोचवणं हे माझं काम. मला एकच खोड होती. माझे हे काचेचे वाल्व्ह आधी तापवावे लागतात, आणि त्यांना तापवणारी भिंतीतली वीज सतत मागेपुढे करते. तिची धुसफूस माझ्या आवाजात उतरायची. बाईंनी तोंड उघडण्याआधीच मी 'घूंऽऽ' करत बसायचो. गावभरच्या रेडिओंची खरखर गप्प करणाऱ्या मामांना ते ऐकून नाक कापल्यासारखं व्हायचं.

यंदा बाईंचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात ठरला. "फजिती झाली तर मी वर्ग बंद करणार," बाईंनी जाहीर केलं.

"ताई, याची घूं काढतोच," मामा म्हणाले.

"कशाला? बरा आहे की तो."

पण मामा ऐकतात कुणाचं! त्यांनी माझ्यासाठी वेगळा डबा बांधायला घेतला. त्यात लहान ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने सोडणारे डायोड, तिचे चढउतार पोटात घेणारा गलेलठ्ठ कपॅसिटर, आणि शेवटी तिचं माप केसभर हलू न देणारा चिमुकला रेग्युलेटर. जोडणी झाली. मी चिडीचूप. मामा खुशीत माइकवर "हॅलो, हॅलो" करू लागले आणि थोड्याच वेळात माझे दिवे मंदावले, आवाज पार बसला. रेग्युलेटर तापून निखारा झाला होता आणि त्याने सरळ काम थांबवलं होतं. उष्णता पसरवायला त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा लागतो, हे मामा घाईत विसरले होते. मग त्यांनी स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण लंपास केलं आणि रेग्युलेटर त्यावर स्क्रूने आवळला. हे जमलं तेव्हा कार्यक्रमाची सकाळ उजाडली होती. तालमीला वेळच उरला नाही.

सभागृह गच्च भरलं. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या. मी एवढा शांत होतो की माझा मलाच अभिमान वाटत होता. बाई मात्र गाईनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अरे, याची घूं कुठे गेली?"

माइक चालू होता. माझ्या कृपेने हे मागच्या बाकापर्यंत पोचलं.

"काढली ना, ताई," मामा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

"अरे, इतकी वर्षं मी तिच्यावरूनच तर सूर लावते!"

मामांचा चेहरा पडला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या खोडीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिचा हात धरून बाई गात होत्या आणि हे त्यांच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं. लोक कुजबुजायला लागले.

तेवढ्यात मामा माइकजवळ आले. या माणसाला शाळेत प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवायला सांगत असत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "घूंऽऽऽ."

मित्रांनो, तो माझाच सूर होता. तसूभरही फरक नाही. वर्षानुवर्षं माझ्याशी भांडताना त्यांना तो पाठ झाला होता. बाईंनी तो सूर अलगद उचलला आणि अशा गायल्या, की मागचं बाकही डोलू लागलं.

वर्ग चालू आहे. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांची धूळ पुसा, जरूर दुरुस्त करा. पण एखाद्याची खोड मोडण्याआधी तिच्या आधाराने कोण उभं आहे, एवढं घरात विचारून घ्या.

बाई अजून झाकण शोधताहेत. मी काही बोलत नाही. आणि रोज वर्ग सुरू होताना मामा मुकाट्याने माझ्याशेजारी येऊन बसतात, घसा खाकरतात आणि माझं जुनं काम करतात.