तळहाताखालचं इंग्रजी

दुपारचे दोन वाजले तसा तुलारामने भर हंगामात राईस मिलचा खटका खाली ओढला. धानाची पोती घेऊन सकाळपासून ताटकळलेले भय्याजी चांगलेच वैतागले. रोज ऐन कामाच्या वेळी मिल बंद ठेवायचं हे काय खूळ, असं काहीसं ते बोलले असावेत. तुलारामने मान हलवली. हल्ली तो सगळ्यांनाच अशी मान हलवून मोकळा होई.

मागच्या खोलीत त्याची डिंपल वही उघडून बसली होती. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ती नर्स. आयर्लंडच्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. बाकीचं सगळं जमलं, फक्त ऐकण्याच्या पेपरात ती दोनदा अडली. आता तिसऱ्यांदा अडली की जागा दुसरीला जाणार. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं; घरी मात्र न राहवून ती मागे नेऊन पुन्हा ऐकायची. म्हणून तिने मोबाईल बापाच्या हाती दिला होता. मी कितीही गयावया केली तरी दुसऱ्यांदा लावायचं नाही, असं बजावलंही होतं.

तीस वर्षं मिलच्या धडधडीत उभं राहून तुलारामचे कान कधी गेले, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. बायकोला, बेबीबाईला, ठाऊक होतं. पण पोरीपाशी बोलायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती. डिंपल समोर बसून सावकाश बोलायची, म्हणून तिच्या ओठांवरून त्याला सगळं उमजायचं. अख्ख्या घरात तेवढं एकच माणूस त्याला पुरतं कळायचं आणि तेच दूरदेशी निघालं होतं. त्याचं त्याला दुःख होतंच. पण आपले कान गेल्याचं कळलं तर ती जाणारच नाही, ही धास्ती त्याहून मोठी होती.

एरवी मोबाईलच्या पडद्यावर सरकणारी रेघ बघून तो निभावून नेई. आज चष्मा मिलमध्येच राहिला होता. त्याने अंदाजाने बटण दाबलं आणि गंभीर चेहऱ्याने बसून राहिला. डिंपलचा पेन हलेना. आजचं अवघड दिसतंय, असं वाटून त्याने तिला हातानेच लिहायची खूण केली.

डिंपल त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठून अगदी समोर येऊन बसली.

"बाबा, हे वाजूनच नाही राहिलं."

तुलारामने मोबाईल उलटसुलट केला, नेटवर्कला दोष दिला. तिने त्याचा हात धरला तेव्हा त्याचा धीर सुटला.

"पाच-सहा वर्सं झाले असतीन," तो म्हणाला.

ती रडली. दवाखान्यात परक्यांची दुखणी बघणाऱ्या पोरीला घरातलं दिसलं नाही, हे तिला फार लागलं. तिने वही मिटली.

"मी नाही जात. फोनवर तुमच्यासंग बोलाचं कसं?"

तुलारामने मूठ वर केली. मिलमधली ती जुनी खूण होती: पोतं भरलं, थांबव. लहानपणी पोत्याचं तोंड धरून उभी असताना डिंपल ती शिकली होती.

"मिलमधी कोणाले आयकू येते, बाई? तरी एक पोतं सांडलं काय? फोनवर बी तोंड दिसते, हात दिसते. लिव तू. वाजते का नाही, थे मी पाहातो."

त्याने तिच्याकडूनच रेकॉर्डिंग लावून घेतलं आणि मोबाईल तळहाताखाली धरला. यंत्राचं बेअरिंग कुरकुरायच्या आधी त्याच्या हाताला कळायचं, तशी आताही बारीक थरथर लागली. त्याने मान डोलावली. डोळे पुसत डिंपल लिहू लागली. थरथर थांबली तेव्हा त्याने मूठ वर केली, तिने पेन खाली ठेवला.

दारात भय्याजी येऊन उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. या वेळी तुलारामने मान हलवली नाही.

"भय्याजी, मले आयकू नाही येत," तो म्हणाला. "घडीभर बसा. पोरीचा अभ्यास सुरू आहे."