आधी वाघर

अंबिकानं तो मोठा मेनफ्रेम संगणक कधी पाहिला नव्हता. तो म्हणे पुण्याकडं कुठल्या तरी गारेगार खोलीत होता. इकडं चिकलठाण्यातल्या ऑफिसात पंखा फिरतोय की नुसता कुरकुरतोय हे कळत नसे, आणि तिथं बसून काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून त्याच्याशी बोलायचं. माउस नाही, चित्रं नाहीत. हुकूम बरोबर असला तर तो एक अक्षर बोलत नसे, आणि चुकीचा असला तरी कित्येकदा बोलत नसे. असल्या घुम्याशी नांदायला इंद्रजीत सर तिला शिकवत होते.

ती शिकली, आणि भराभर शिकली, ती एका वहीच्या जोरावर. करमाडच्या पलीकडं खडकवस्तीवर तिच्या वडलांची, खंडेराव आबांची, सत्तर मेंढरं होती. तिनं प्रत्येक हुकमापुढं आबांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवले होते. एलएस: मोजून घे. सीडी: त्या वाड्यात जा. एमव्ही: हाकल. आणि एमकेडिर, म्हणजे नवी डिरेक्टरी, फायली ठेवायचा नवा कप्पा, तयार करणं, त्यापुढं: आधी वाघर लाव, मग हाकल. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला रानात लावतात ती जाळी.

ऑफिसात मात्र तिनं ‘वडलांची शेती आहे, मी गुलमंडीला मावशीकडं राहते’ एवढंच सांगितलं होतं. एक दिवस शेजारच्या प्रेरणानं वही उचलली आणि मोठ्यानं वाचली.

“‘वाघर लाव’? अगं, हा काय मेंढरं राखायचा कोर्स आहे का?”

सगळे हसले. प्रेरणा वाईट नव्हती, नुसती हसरी होती; पण अंबिकाचे कान तापले.

“माझी नाही ती,” ती म्हणाली. “घरात कुणाची तरी पडली होती.”

दुपारी बाथरूममध्ये जाऊन तिनं ते पान फाडलं, तुकडे तुकडे केले आणि टोपलीत टाकले. आपण आबांनाच टोपलीत टाकतोय असं तिला वाटलं. वाटलं, तरी टाकलं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात ऑफिसला काम एकच होतं, टँकरच्या याद्यांचं. शेंद्र्याकडं रोज नवे प्लॉट पडत होते, बंगल्यांचे बोर्ड लागत होते, आणि त्यांच्या पलीकडच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं. सत्तावीस गावांच्या याद्या रोज तपासायच्या आणि उद्याच्या तारखेच्या डिरेक्टरीत हलवायच्या. संध्याकाळी सहाला त्या तारखेच्या नावाखाली जे असेल ते आपोआप टँकरच्या डेपोकडं जाई. डिरेक्टरी रोज सकाळी इंद्रजीत सरच तयार करत. एके दिवशी सर रजेवर होते.

अंबिका एकेक यादी तपासून हलवत गेली. संगणक गप्प. गप्प म्हणजे खूश, असं ती समजली. खडकवस्तीची यादी तिनं मुद्दाम सगळ्यात शेवटी घेतली. हिचं तिथं कुणी आहे, असं कुणाच्या मनात यायला नको होतं.

तारखेची डिरेक्टरी कुणी केलेलीच नव्हती. डिरेक्टरी नसली की एमव्ही यादी हलवत नाही, तिचं नाव तेवढं बदलतो. पहिल्या यादीला तारखेचं नाव मिळालं. दुसरीनं तेच नाव घेतलं आणि पहिली पुसली, तिसरीनं दुसरी पुसली. सत्तावीसपैकी शेवटची एक उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजीत सरांनी पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“एमकेडिर केलं नव्हतंस?”

“केलं होतं सर.”

कालच्या सगळ्या हुकमांची नोंद सरांच्या समोरच उघडी होती. त्यांनी ती वाचली, आणि ते जुन्या प्रतींवरून याद्या पुन्हा उभ्या करायला बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंबिकाला वाटलं. तिला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात आबांचा फोन आला.

“अंबे, आज लई येगळंच झालं बघ. टँकर फकस्त आपल्याच वस्तीवर आला. शेजारच्या गावच्या बाया हंडे घिऊन हितं उभ्या हायेत. लोकं म्हणत्यात, खंडेरावाच्या लेकीनं आपल्या मानसायला आधी पानी धाडलं. वस्तीवरला कडूबा तर हार घिऊन आलाय.” आबांचा आवाज खाली आला. “म्या म्हनलं, माझी पोर असं करनार नाय. नाय ना केलंस?”

प्रेरणा बघत होती. फोन घेऊन बाहेर जाता आलं असतं. अंबिका उठली नाही.

“मुद्दाम नाय केलं, आबा,” ती म्हणाली. ऑफिसात ही भाषा तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. “वाघर लावायच्या आधीच हाकलली म्या. समदी एकमेकावर पडून मेली. शेवटचं आपलं तेवढं राह्यलं. त्या बायायला पानी द्या आधी. आन् हार परत करा.”

इंद्रजीत सरांची बोटं थांबली होती.

“पानी तर कवाच देयाला लागलो,” आबा म्हणाले. “पर अंबे, तुला धड बोलाया येत नव्हतं तवापासून ठावं हाय ते. आधी वाघर. इसरलीस कशी?”

“इसरले नाय, आबा,” अंबिका म्हणाली. “फाडून टाकलं.”