लाल ठिपक्याखाली

मी एक प्रतिकृती बोलतेय. लोक मला ‘मॉडेल’ म्हणतात. पलंगाएवढ्या फळीवर एक मोठं शहर, त्याच्याभोवतीची चार गावं, मधली नदी, रस्ते आणि पूल, असा आमचा सगळा प्रदेश माझ्या अंगावर वसलाय. दिसायला मी देखणी आहे, पण जगले मात्र जीव मुठीत धरून.

मला एका कारागीर बाईनं घडवलं. एका जुन्या गॅरेजमध्ये ती आणि तिचा नवरा काम करायचे. तो बुचाचे तुकडे कापायचा, ती त्यांची घरं करून चिकटवायची. नदीच्या उताराकडच्या खालच्या गावावर तिचा विशेष जीव होता, कारण तिथे तिची थोरली बहीण राहायची. नवरा म्हणायचा, ताईंचं घर मापापेक्षा मोठं झालंय. ती म्हणायची, असू दे, तिच्याकडे पाहुणे फार येतात.

आमच्या प्रदेशाला स्वतःचा कारभार तेव्हा नुकताच मिळाला होता. त्याआधी साधा बसथांबा हलवायचा तरी दूरच्या राजधानीची परवानगी लागे, आणि ती येईपर्यंत थांब्यावरची माणसं म्हातारी होत. आता आमची स्वतःची परिषद आली, आमच्या मतांनी निवडलेल्या अध्यक्षबाई आल्या. मला सभागृहात मधोमध ठेवलं, तेव्हा माझ्या कडेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “आता आपलं आपण ठरवायचं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं.

सुट्टीच्या दिवशी माणसं वाकून वाकून माझ्यावर आपापली घरं शोधत. एका गृहस्थांनी तर तक्रार केली, की शेजाऱ्याचं घर आपल्यापेक्षा उंच का दाखवलंय? ते खरोखरच उंच होतं. पण हे त्यांना तिथे राहूनही पटलं नव्हतं, तर माझ्याकडे पाहून काय पटणार?

मग परिषदेनं एक सल्लागार नेमले. माणूस मृदू बोलणारा, नीटनेटका. त्यांच्या हातात एक छोटी बॅटरी असे. तिचं बटण दाबलं, की माझ्या अंगावर एक लाल ठिपका पडायचा. ज्या गावावर तो रेंगाळे, त्या गावच्या सदस्याच्या तोंडचं पाणी पळे.

सल्लागारांचं म्हणणं असं, की थोडं थोडं सगळीकडे शिंपडलं, तर कुठेच काही उगवत नाही. शहर वाढू द्या, त्याच्या जोरावर गावं तगतील. बोलता बोलता तो ठिपका नदी ओलांडून खालच्या गावात शिरला आणि तिथल्या रुग्णालयावर थांबला. हे शहराच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करावं, आणि त्या जागी गोदामं उभारावीत, म्हणजे गावातला रंगाचा कारखाना बंद पडल्यापासून रिकाम्या बसलेल्या तरुणांना काम मिळेल. ऐकायला सगळं शहाणपणाचं होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

ही बातमी कारागीर बाईला कळली, ती सभेआधी हा प्रस्ताव माझ्यावर करून दाखवायला तिला बोलावलं तेव्हा. हातात पातं घेऊन ती माझ्यापाशी नुसती उभी राहिली. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं रक्त त्याच रुग्णालयात यंत्रावर शुद्ध होत असे. ते चुकलं, की त्यांचे पाय सुजत, श्वास लागे. तिनं पातं पिशवीत टाकलं, उद्या येते म्हणाली आणि थेट बहिणीकडे गेली.

निर्णयाच्या सभेला थोरली बहीण आली. आयुष्यात कधी माईकसमोर उभी राहिली नव्हती. तिनं भाषण केलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच विचारलं, “यंत्रावरून उठले, की ह्यांना उभं राहवत नाही. दोन बसा बदलून मी ह्यांना घरी कशी आणू, तेवढं सांगा.”

सल्लागार म्हणाले, गाडीची सोय विचाराधीन आहे.

अध्यक्षबाई उठून तिच्याजवळ गेल्या. मी अगदी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं. “मलाही भीती वाटते हो,” त्या हळूच म्हणाल्या. “घडी बसवता आली नाही, तर वरचे म्हणतील, ह्यांना कारभार झेपत नाही. मिळालेलं सगळं काढून घेतील.”

तेव्हा कळलं, की ठिपका त्यांच्यावरही होता. फक्त तो धरणारा हात फार लांब होता.

हात वर झाले. खालच्या गावच्या सदस्यानंही जमिनीकडे पाहत हात वर केला. त्याचे दोन्ही मुलगे घरी बसून होते.

रुग्णालय माझ्यावरून कारागीर बाईनंच काढलं. दुसऱ्या कोणी काढलं असतं, तर शेजारची घरंही उचकटली असती. पातं आत शिरलं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

गोदामं झाली. काही तरुणांना काम लागलं, हे खोटं नाही. पण आजारी माणसं शहराकडे सरकली, त्यांच्यामागे त्यांची माणसं गेली. प्रवासी घटले म्हणून बसफेऱ्या कमी झाल्या, फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी लोक गेले. थोरल्या बहिणीनंही घराला कुलूप लावलं. आता ती शहरात, रुग्णालयामागच्या एका खोलीत राहते. तिचे यजमान आहेत अजून, पण खिडकीतून नदी दिसत नाही म्हणून रोज कुरकुरतात.

सभागृहात आता मोठा पडदा आलाय. मी तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला असते. राजधानीत म्हणे नवा विचार चाललाय, तीन प्रदेश जोडून एकच करायचा. परवा माझ्या शेजारी त्याचीच एक कोरी करकरीत फळी आणून उभी केली. तिच्यावर आमचं अख्खं शहर शर्टाच्या बटणाएवढं आहे. अध्यक्षबाई खाली येऊन तिच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

ठरवणाऱ्यांनो, ठरवायचं तर कोणीतरी ठरवायलाच हवं, हे मला कळतं. पण माझ्यासारखीकडे उभं राहून पाहू नका. गुडघे टेका, डोळे रस्त्याच्या पातळीवर आणा, मग बोट ठेवा.

शेजारची फळी अजून गप्प आहे. तिच्यावर अजून कोणी बोट ठेवलेलं नाही. वर दार वाजलं, की मी एकटीच दचकते.