जिभेवरची वाळू

मिस्त्रींनी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं, आणि मग 'उतरवा' किंवा 'परत न्या' म्हणायचं. तीस वर्षं ट्रकवाल्यांचं नशीब असं ठरत आलं होतं. आणि नेमकी तीच जीभ तीन महिन्यांपूर्वीच्या तापात गेली. म्हणजे तोंडात होती, वळवळत होती, पण गोड-खारट काही कळवेल तर शपथ. मिस्त्रींनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. ज्याच्या जिभेवर लोकांनी घरं उभारली, त्याला आता कोण विचारणार, या धास्तीनं त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. ओळखीच्या खाणीवरची वाळू तेवढी घ्यायची, असं करून आजवर निभावलं.

पण आज काम सख्ख्या बहिणीच्या घराचं होतं. उद्या स्लॅब पडायचा होता, खाण बंद पडलेली, आणि दारात भलत्याच माणसाचा ट्रक उभा.

मिस्त्रींनी मूठभर वाळू तळहातावर पसरली आणि क्षणभर सगळं विसरले. वाळूचं त्यांना भारी वेड. लांबून सगळी एका रंगाची दिसते, पण हातावर घेऊन नीट बघा, एक कण काचेसारखा, एक गुलाबी, एक काळाकुळकुळीत. डोंगर फुटून फुटून एवढासा झालेला असतो तो. त्यांनी ती चोळली, हाताला माती लागली नाही. पाण्याच्या ग्लासात टाकून हलवली. वाळू झटकन तळाशी बसली, वर गाळाचा थर नाही. जरा जास्तच घासलेली, एकसारखी, समुद्रकाठची असावी तशी वाटली खरी, पण तेवढ्यावरून काय बोलायचं? मीठ पाण्यात विरघळतं, ग्लासात दिसत नाही. आणि मिठाची वाळू स्लॅबमध्ये गेली की आतलं लोखंड गंजतं, फुगतं, आणि काही वर्षांनी छत तुकड्या-तुकड्यांनी खाली यायला लागतं. खाली कोण झोपणार होतं ते मिस्त्रींना ठाऊक होतं. बहीण आणि तिच्या दोन मुली.

"नदीचीच आहे, मिस्त्री. चाखून बघा की," ट्रकवाला म्हणाला.

चारी मजूर बघत होते. मिस्त्रींनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. काही नाही. नुसती करकर. वाळू परत पाठवावी तर उद्याचं काम बुडणार, वर कारण काय सांगणार? शेवटी ते थुंकले आणि म्हणाले, "उतरवा."

तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. चाळिशी गाठली तरी सगळे तिला बारकीच म्हणायचे. दूध संपलेलं, म्हणून कोरा चहा. मिस्त्रींनी दोन घोटांत कप रिकामा केला आणि सवयीनं म्हणाले, फक्कड झालाय. मग बारकीनं आपला कप तोंडाला लावला आणि तिथेच थबकली. घाईत तिनं साखरेऐवजी मीठ घातलं होतं.

तिनं भावाकडे पाहिलं. हसायला तोंड उघडलं, पण त्यानं 'फक्कड' म्हटलेलं आठवलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं कप ठेवला, ट्रकपाशी गेली, चिमूटभर वाळू घेतली आणि तोंडात टाकली. बापही गवंडी, आणि त्याच्या मागे मागे फिरत लहानपणी मुठी मुठी वाळू खाल्लेली ही पोर. त्यापायी मारही खाल्लेला.

ती भावाजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, ही वाळू माझ्या चहासारखीच आहे."

मिस्त्रींनी रिकाम्या कपाकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं. आपण हिच्या पोरींच्या डोक्यावर काय ओतायला निघालो होतो! ट्रकचा फाळका अर्धा उघडला होता. त्यांनी तो स्वतः आपटून बंद केला आणि ट्रक परत पाठवला. स्लॅब पुढे ढकलला. बारकीनं दुसरा चहा करून आणला, आणि साखर घातल्याचं सांगून टाकलं.

आठवड्यानं दुसरा ट्रक आला. मिस्त्रींनी वाळू चोळली, ग्लासात टाकून बघितली. मजूर वाट बघत उभे राहिले. मिस्त्रींची चिमूट तोंडापर्यंत गेली आणि परत खाली आली.

"बारके, इकडे ये," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझ्या जिभेला आता चव कळत नाही. तू चाख."

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. बारकीनं वाळू जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले, अगदी बाप मिटायचा तसे. बराच वेळ चघळली.

"गोड्या पाण्यातली आहे," ती म्हणाली.

थुंकायचं मात्र ती विसरली, लहानपणासारखी गिळून मोकळी झाली. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मिस्त्री तीन महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "उतरवा."