पाऊणरावांचा उतरता भाव

त्या सलूनवाल्याचं खरं नाव गल्लीत कुणाच्याच लक्षात नव्हतं. सगळे त्याला पाऊणराव म्हणत, कारण रुपयाची वस्तू पाऊण रुपयात मिळाल्याशिवाय या गृहस्थाच्या जिवाला चैन पडत नसे. एकदा दाढ काढायला गेला तर डॉक्टरला म्हणाला, "दोन काढा, पण भाव जरा बघून लावा." दुसरी दाढ बिचारी धडधाकट होती.

त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे सलूनमधली वरखाली होणारी खुर्ची. ती त्याने एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतली आणि हप्ते थकवले. वसुलीचा माणूस आला तेव्हा याने त्याला त्याच खुर्चीत बसवलं, तोंडाला साबण फासला आणि गळ्यावर वस्तरा ठेवून बोलणी केली. पाऊण रकमेत प्रकरण मिटलं. कागदावर शिक्का पडला, 'सेटल्ड'. पाऊणरावांची छाती फुगली. नोकरी, घर, बायको असलेल्या मुलाला आपण सेटल म्हणतो. मग सेटल झालेलं कर्ज वाईट कसं असेल? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक डोक्याला ही कहाणी ऐकावी लागली, कारण कात्री हातात असलेल्या माणसापुढून उठून जाता येत नाही.

पुढे गाळेमालकाने गाळा विकायला काढला. "पहिला हक्क तुझा," तो म्हणाला, "पण वर्षअखेरपर्यंतच थांबेन. मोबाइलवाला पैसे घेऊन तयार आहे." पाऊणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी हयात त्या आरशांसमोर गेली होती. या वयात दुसरीकडे जाऊन नवी डोकी कुठून गोळा करायची?

कर्ज काढणं भाग होतं. शहाणा माणूस एका बँकेत जातो. हा पाच बँकांत गेला, प्रत्येकीत रीतसर अर्ज भरला आणि पहिलीचं व्याज दुसरीला सांगून पाडून मागितलं. पाचही जणींनी नकार दिला. शेवटच्या बँकेत बायकोही सोबत होती; तिथल्या बाईंना त्याची दया आली. त्यांनी संगणकाचा पडदा नवराबायकोकडे वळवला.

"हा तुमचा क्रेडिट रिपोर्ट. कर्जाचं प्रगतिपुस्तकच समजा. गुण फार कमी आहेत."

"अहो, पण सेटल्ड लिहिलंय की ठळक!"

"त्यानेच तर घात केलाय. सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण फेडलं नाहीत, कंपनीने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं. आणि या खालच्या ओळी बघा. अर्ज केला की बँक रिपोर्ट मागवते, त्याची नोंद होते. लागोपाठ इतके अर्ज दिसले की वाटतं, हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय."

म्हणजे हा दारोदार भाव पाडत हिंडत होता, आणि दरवेळी भाव याचाच पडत होता. बायकोला हसू आवरेना.

"मी तेव्हाच म्हणाले होते—"

"तेव्हा तू बहिणीला फोन लावून सांगत होतीस, आमचे हे किती हुशार!"

ती बाईंकडे वळली. "यावर उपाय काय?"

"उरलेले पैसे भरा, पूर्ण फेडीचं पत्र घ्या आणि रिपोर्टमध्ये दुरुस्ती करायला लावा. तोवर कुठेही अर्ज करू नका. गुण एका दिवसात वाढणार नाहीत, पण वाढतील."

पाऊणरावांनी मोटारसायकल विकली आणि बायकोला घेऊन फायनान्स कंपनीत गेले. तिथला कारकून तरुण आणि नको तितका भला होता.

"काका, एवढं जुनं प्रकरण आहे. साहेबांना विचारून थोडी सूट देऊ का?"

पाऊणरावांचा हात आपोआप पुढे सरकला. बायकोने टेबलाखालून त्यांना असा चिमटा काढला की ते ताडकन उभेच राहिले.

"एक पैसा सोडलात तर याद राखा! इथेच आडवा पडेन! सगळे घ्या, वर व्याज असेल तर तेही घ्या!"

कारकुनाने घाबरून पैसे दोनदा मोजले आणि पत्र दिलं.

मग वाट बघणं आलं. रिपोर्ट दुरुस्त झाला, गुण रांगत रांगत वर चढले, आणि वर्ष संपायला आलं तेव्हा त्याच बाईंनी कर्ज मंजूर केलं. "व्याज इतरांपेक्षा जरा जास्त पडेल," त्या म्हणाल्या. पाऊणरावांनी तोंड उघडलं, मिटलं आणि पेन मागितलं.

गाळा नावावर झाला त्या दिवशी सलूनमध्ये नुसती गर्दी. दाढी कुणालाच करायची नव्हती, सगळ्यांना कहाणी हवी होती.

"बोला पाऊणराव, केवढ्याला पाडला?"

"मागितले तेवढ्याला," पाऊणराव म्हणाले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. गाळा राहिला म्हणून रडले की पैसे गेले म्हणून, हे विचारायची बायकोचीही हिंमत झाली नाही.