मास्तरांच्या घरची पूजा

पुलगावजवळच्या शाळेत पोरांकडून वर्षानुवर्षं पाढे घोकून घेतलेले गुलाब मास्तर बावन्न साली राखीव जागेवरून आमदार झाले. शाळांच्या गळक्या छपरांवर त्यांनी सभागृहात भाषणं केली, नागपूरला कोट शिवला आणि त्या कोटाशिवाय आपल्याला आता जगता येणार नाही, हे ओळखलं.

छप्पनच्या दसऱ्याला त्यांची सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली. मास्तर तेवढे तापाचं निमित्त करून घरी राहिले. राखीव जागा हिंदूलाच. धर्म सोडला की उमेदवारी गेली. पण मंडळी परतल्यावर छापील पत्रकावरून प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या त्या मास्तरांनीच. सवय जात नाही. सगळ्यांत आधी पाठ झाल्या त्यांच्या बायकोच्या, जिजाबाईच्या. ती भाऊ प्रेमदासबरोबर जाऊन आली होती, आणि घरातले देव तिनं नदीत सोडले होते.

जानेवारीत पक्षाचे तालुक्याचे पुढारी किसनराव म्हणाले, "मास्तर, तिकीट पाहिजे असंल तं घरी सत्यनारायण करा. आमी येतो पाहाले."

भटजी किसनरावांनीच आणले. ते खाटेवर लांब बसून मांडणी सांगू लागले. यजमानाशेजारचा पाट रिकामा होता.

"बाई कुठं?"

जिजाबाई दारातूनच म्हणाली, "मी नाई बसत. तुमीच तं पाठ करून घेतलं ना? आता विसरू काऊन?"

मास्तर घाईनं म्हणाले, "बायको नसली तर सुपारी मांडतात."

"नसली तर," भटजी म्हणाले. "ही तर समोर उभी आहे."

"मंग उभी नका ठेवू," किसनराव म्हणाले. त्यांच्या जीपचा ड्रायव्हर हसला.

"जिजे, पूजा होईस्तोवर प्रेमदासकडे जा."

"पूजेपुरती नाई जात मी. गेली तं गेली. पाहून घ्या."

मास्तरांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनराव घड्याळ पाहत होते.

"जा मग," मास्तर म्हणाले.

ती नेसल्या लुगड्यानिशी गेली. कुंपणापलीकडून वस्ती पाहत होती. मास्तरांनी पाटावर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि कथा नीट, शेवटपर्यंत ऐकली. प्रसाद किसनरावांनी कपाळाला लावला आणि जीपमध्ये चढता चढता कुत्र्यापुढे टाकला. मास्तरांनी ते पाहिलं.

"तिकिटाचं पक्कं ना?"

"पक्कं."

मतदानाच्या दिवशी मास्तर आपल्याच जुन्या शाळेत, अधिकाऱ्याच्या टेबलाजवळ उभे होते. बायकांच्या रांगेतून जिजाबाई पुढे आली. नवऱ्याचं नाव विचारलं की बायका लाजायच्या, मागची बाई सांगायची. सकाळपासून तेच चाललं होतं.

"नवऱ्याचं नाव?"

मागच्या आनंदाबाईनं तोंड उघडलं, तोच जिजाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "गुलाब सोमाजी मेश्राम. लिहा."

लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून आपलं नाव मास्तर पहिल्यांदाच ऐकत होते.

अधिकारी हसला. "बाई, तुम्ही तर धडाधड नाव घेतलं!"

"घेतलं तं काय झालं, साहेब? घ्याचं नसते ते नवऱ्याचं."

किसनरावांची माणसं खो खो हसली. आनंदाबाई हसली. मग मास्तरही हसले; मतदान अजून संध्याकाळपर्यंत चालायचं होतं.

ते मोठ्या फरकानं निवडून आले.