काठ्यांवरची नावं

भाच्याच्या नव्या घराचं फाटक उघडलं आणि आत्याच्या नाकात उन्हाने तापलेल्या प्लास्टिकचा वास शिरला. भिंतीलगतच्या लांब वाफ्यावर सतरंजी अंथरावी तसं दुकानातलं गवत अंथरलं होतं आणि त्यातून कापडी फुलं माना वर काढून उभी होती. तिने एक फूल चिमटीत धरून पाहिलं. तिला शिसारी आली. लगेच रुमाल काढून तिने बोटं पुसली.

"माझी झाडं कुठायत?"

महिन्यापूर्वी तिने याच वाफ्यात अठरा गड्डे लावले होते. आत्याची सगळी नोकरी सरकारी बागेत गेलेली. घरामागच्या तिच्या जागेवर आता फरशी पडली होती, म्हणून चाळीस वर्षांत जमवलेलं सगळं इथे आणलेलं. मागे उंच कर्दळ, मध्ये डेलिया नि निशिगंध, पुढे बुटकी लिली. एक झोपलं की त्याची मोकळी जागा शेजारच्याने झाकावी, अशी आखणी करताना तिने कागदावर कागद फाडले होते. आणि फाटकाजवळ, येता-जाता दिसावी म्हणून, भावजयीची शेवंती. भावजय, म्हणजे भाच्याची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या हातचं एवढंच एक झाड उरलं होतं.

ही झाडं थंडीत वरून मरतात, पण खाली जिवंत असतात, हे तिने भाच्याला दहादा सांगितलं होतं. त्याने दहादा मान डोलावली होती. त्याच्या बायकोला मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"आत्या, रागावू नका, पण बघवत नव्हतं हो," भाचेसून म्हणाली. "नुसती काळी माती आणि काठ्या! प्रत्येक काठीवर माणसाचं नाव आणि खाली तारीख. माझ्या मैत्रिणी फाटकातच थबकल्या. एकीने तर हळूच विचारलं, इथे कुणाला पुरलंय का?"

आत्याची पद्धतच तशी होती. झाड ज्याने दिलं त्याचं नाव काठीवर लिहायचं आणि खाली ते झोपी गेल्याची तारीख. 'पोस्टमन, बारा डिसेंबर.' 'डॉक्टरीणबाई, तीन जानेवारी.' एरवी ती पोट धरून हसली असती. आज ती भाच्याकडे वळली.

"सजावटवाला म्हणाला, सगळं मेलेलं आहे," भाचा म्हणाला. "दोन आठवडे झाले. मागे पिशवीत भरून ठेवलंय, अजून कुणी नेलं नाही."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"घरातच."

"आणि तोंडात काय धरलं होतंस?"

"अगं, पाहुणे यायचे होते. म्हटलं, आता कुठे वाद घालायचा..."

मागच्या भिंतीशी काळी पिशवी फुगून बसली होती. आत्याने गाठ सोडली आणि भाचेसून नाकाला ओढणी लावून घरात पळाली. आत स्वयंपाकघरातला आठवड्याचा कचरा, माशांची डोकी, आंबलेला भात आणि त्याखाली तिची झाडं. तिने कोपरापर्यंत हात घातला. डेलियाचा कंद बोटांत फुटला आणि घाण पाणी मनगटावरून ओघळलं. लिलीत अळ्या वळवळत होत्या. कर्दळीचा नुसता लगदा. तिला ओकारी येत होती, आणि ती घाणीपेक्षा शेजारी हात बांधून उभ्या असलेल्या या शहाण्याची जास्त येत होती. लहानपणी याचं नाक तिने पुसलं होतं, तेव्हा कधी किळस वाटली नव्हती.

शेवंतीचा जुडगा तळाशी सापडला. तिने एकेक मूळ मोडून पाहिलं. काळं. काळं. बुळबुळीत. शेवटी बोटाएवढा एक तुकडा उरला. नखाने साल खरवडली तर आत पांढरं, ओलं, घट्ट.

"जगलंय?" भाचा खाली वाकला. त्याचा आवाज बदलला होता. "आत्या, दे ना. मी लावतो. आत्ता लावतो, ते गवत काढून टाकतो."

आत्याने तुकडा रुमालात गुंडाळला.

"आत्या, आईची आहे ती. दे मला."

"तुझ्या आईची आहे," आत्या उठत म्हणाली, "म्हणूनच तुला देत नाही."